डिमर नंतर, आधी दिवा बघ

अगं, तुझा रात्री उशिराचा तो लांबलचक मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. ट्रायॅक, झिग्बी, झीरो क्रॉसिंग, न्यूट्रल, एमक्यूटीटी... एका दमात इतकं सगळं, आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘ताई, मला फक्त बाळाला पाजताना लाईट कमी करायचा आहे गं.’ खरं सांगू का, ती ओळ तू सगळ्यात वर लिहायला हवी होतीस. मग मधलं निम्मं तुझं तूच खोडलं असतंस.

होईल गं. तुझ्या बाग गावातल्या घरात, तिथल्या लाईटीच्या लपंडावात आणि अधूनमधून गायब होणाऱ्या नेटमध्येसुद्धा होईल. फक्त आत्ता लगेच काही मागवू नकोस. तो कार्टमध्ये टाकलेला डिमर तिथेच राहू दे. आधी उठून खोलीतल्या बल्बवर काय छापलंय ते वाच.

बल्बच्या मानेवर किंवा खोक्यावर ‘डिमेबल’ असं लिहिलेलं नसेल, तर भिंतीवर कितीही महागाचा डिमर लाव, तुझं भांडण त्या बल्बशीच होणार आहे. कारण सांगते. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांची. म्हणजे सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा येतात, एकेक दहा मिलिसेकंदांची. डिमर काय करतो, तर ताटात येणाऱ्या प्रत्येक पोळीचा एक तुकडा मोडून ठेवतो. तुकडा मोठा मोडला की उजेड कमी. जुन्या पद्धतीचे डिमर पुढून मोडतात, नवे चांगले डिमर मागून मोडतात, त्यांना ‘ट्रेलिंग एज’ म्हणतात. पिवळ्या तारेच्या जुन्या बल्बला या मोडतोडीचं काही वाटत नसे, तार तापलेली असायची आणि एवढ्याशा वेळात ती गार होत नसे. एलईडी बल्बच्या पोटात मात्र एक ड्रायव्हर बसलेला असतो. त्याचं कामच मुळी काहीही झालं तरी उजेड सारखा ठेवायचा. तू वीज कापतेस, तो भरून काढायला बघतो. या ओढाताणीत बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो आणि एक दिवस बसतो.

गुणगुणण्यावरून आठवलं. आमच्या देवासच्या घरात जुना गोल बटणाचा डिमर होता. त्यावर मी मोठ्या हौसेनं साधा एलईडी लावला आणि मग रातकिडा शोधायला अख्खा माळा झाडून काढला. किडा नव्हताच, बल्ब रडत होता. सासूबाई अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात.

त्या जुन्या डिमरवर आणखी एक गोष्ट लिहिलेली असायची, कमीत कमी किती वॉट लागतील ती. साठ-शंभर वॉटच्या बल्बांसाठी बनवलेलं ते यंत्र. त्याच्या खाली नऊ वॉटचा एलईडी लावला तर त्याला जाणवतच नाही की समोर कोणी आहे. म्हणून कुठलाही डिमर घेताना जास्तीत जास्त वॉट सगळे बघतात, तू कमीत कमी वॉटसुद्धा बघ.

आणि तुझे अहो म्हणाले ना, ‘पंख्याचा रेग्युलेटर पडलाय घरात, तोच लावू’? त्यांना माझ्याकडून प्रेमानं नाही म्हण. पंख्याचे हल्लीचे पायरीवाले रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, ते पंख्याच्या मोटरसाठी बनवलेले असतात. एलईडीवर लावून ना उजेड नीट कमी होईल, ना बल्ब टिकेल. उलटही नको, बल्बचा डिमर पंख्याला लावला तर मोटर गुरगुरते आणि तापते.

बघ, एवढं वाचून तुला वाटेल की हा प्रकार आपल्या डोक्याबाहेरचा आहे. मुळीच नाही. 1921 साली आमच्या देवासात, थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे, ई. एम. फॉर्स्टर नावाचा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस म्हणून आला होता. त्याच्या गळ्यात कामं काय पडली, तर बागा, टेनिसची मैदानं, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि संस्थानचं विजेचं घर! लिहिण्यावाचण्याशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. त्याचं निभावलं. आणि तू तर बाळ मांडीवर घेऊन एका हातानं कणीक मळणारी बाई आहेस, तुला एका खोलीचा दिवा जड जाणार आहे होय?

आता मुद्द्याचं. मोठ्या शहरातला माणूस तुला जे सांगेल ते तुझ्या घरी जसंच्या तसं चालणार नाही, कारण तुझ्याकडचे प्रश्न वेगळे आहेत. पहिला प्रश्न, घरात कायमचा वायफायचा डबा आहे का, की अहोंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट? तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतंय हॉटस्पॉटच असणार. मग विचार कर. ते सकाळी मोबाइल खिशात घालून कुक्षीला गेले की त्यांच्याबरोबर तुझ्या दिव्याचं नेटही गेलं. वायफायवर चालणारा स्मार्ट बल्ब त्यानंतर फक्त भिंतीवरच्या बटणानं चालू-बंद होणार, आणि कमी-जास्त व्हायचं म्हटलं तर ठणठण गोपाळ. डबा असेल तरी त्याचं नाव-पासवर्ड 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालू आहे ना ते बघ. बहुतेक स्मार्ट बल्ब तेवढाच पट्टा ओळखतात, 5 गिगाहर्ट्‌झ त्यांना दिसतच नाही. कितीतरी जणी ‘बल्ब जोडलाच जात नाही’ म्हणून परत पाठवतात, त्यात बल्बचा दोष नसतो.

दुसरा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानते आणि तो दुकानदार कधी सांगत नाही. लाईट जाऊन परत आली की दिवा काय करतो? पुष्कळसे स्मार्ट बल्ब वीज आली की पूर्ण उजेडानं लागतात. तसंच ठरवून दिलेलं असतं त्यांना. म्हणजे कशीबशी झोपवलेली तुझी पोरगी, रात्री दोनला लाईट येते, आणि खोलीत दिवाळी! ॲपमध्ये ‘पॉवर-ऑन’ नावाची सोय शोध आणि ‘आधी होतं तसंच’ किंवा ‘बंद’ असं करून ठेव. घेण्याआधीच विचार की ही सोय आहे का. नसेल तर तो बल्ब तुझ्या गावासाठी नाही, मग तो एक कोटी साठ लाख रंग का दाखवेना.

तिसरा प्रश्न आईंचा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, उजेड डोळ्यांत खुपतो असं तू लिहिलंस. त्यांना मोबाइल काढून, ॲप उघडून, बोट सरकवून दिवा कमी कर असं सांगणार आहेस का? त्या सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करणार, आणि त्यांनी ते करायलाच हवं. बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब मेला, मोबाइलवर ‘ऑफलाइन’ येणार, मग तू चिडणार, मग त्या म्हणणार ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असं’. भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे, बाकी सगळं त्याच्या नंतर. बटणावर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ लिहिलेली घरं मी पाहिली आहेत. आपलं घर आहे ते, संग्रहालय नाही.

या तिन्हीतून गाळून काय उरतं सांगते.

सगळ्यात सोपं आणि स्वस्त म्हणजे बिनतारी काहीच नाही. असे एलईडी बल्ब मिळतात की साधं बटण चालू-बंद-चालू केलं की उजेड एकेक पायरी उतरतो. फिलिप्सचा सीनस्विच तसाच आहे, आणखीही मिळतात. आईंच्या खोलीत मी तरी डोळे झाकून हेच लावीन. वायफाय नको, ॲप नको, वायरमन नको. फक्त सगळ्यात खालची पायरी किती मंद आहे ते दुकानातच होल्डरला लावून बघ.

त्याच्यावरची पायरी म्हणजे स्मार्ट बल्ब. सहाशे-सातशे रुपयांच्या आसपास मिळून जातो, आपल्या पिनवाल्या होल्डरचा, म्हणजे खोक्यावर ‘बी 22’ लिहिलेला घे. चुडीवाला, ‘ई 27’ चुकून आला तर परत एक जोडणी शोधत बसशील. रंग मात्र पांढराशुभ्र 6500 केल्विनवाला नको, 2700 ते 3000 केल्विनचा उबदार पिवळसर घे. मंद केला तरी निळसर पांढरा उजेड झोपेला चांगला नाही. आणि हा बल्ब डिमरवर कधीच लावायचा नाही. त्याच्या पोटातच डिमर आहे, दोघांची जुंपेल.

तिसरा मार्ग म्हणजे बोर्डाच्या मागे बसणारा छोटा बिनतारी डिमर. भिंतीवर सगळं आहे तसंच दिसतं, आत एक काड्यापेटीएवढी वस्तू बसते, आणि खाली डिमेबल बल्ब. याला आपल्याकडे एक मोठी सोय आहे जी परदेशी व्हिडिओ बघून कळत नाही. ते लोक ‘न्यूट्रल नाही, न्यूट्रल नाही’ म्हणून रडत असतात, कारण त्यांच्याकडे बटणाच्या डबीत फेजच असते. आपल्या बोर्डात बटणांच्या शेजारी पिन घालायचं सॉकेट असतं ना? मग तिथे न्यूट्रल आलेलीच असते. जिन्यातल्या दोन-बाजूंच्या बटणात ती नसेल, पण झोपायच्या खोलीत बहुतेक असणारच. न्यूट्रलशिवाय चालणारेही मिळतात, शेलीचा डिमर 2 तसा आहे. त्यात आणखी मजा अशी की साध्या बटणाऐवजी बेलचं बटण बसवता येतं. एकदा दाबलं की लागतो, दाबून धरलं की उजेड कमी-जास्त होतो. बेलचं बटण आईंना शिकवावं लागणार नाही.

पण हा मार्ग वायरमनच्या हातानेच. तुमच्याकडचे ते लाईटवाले भैया आले की त्यांना दोन गोष्टी नक्की सांग. एक, जुन्या घरात तारेच्या रंगावर विश्वास नको, काळी म्हणजे न्यूट्रल असेलच असं नाही, टेस्टरनं बघूनच जोडायचं. दुसरी अगदी कानात तेल घालून ऐक: इन्व्हर्टर असलेल्या घरात मुख्य एमसीबी खाली केला म्हणजे वीज गेली, असं होत नाही! मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीत त्याच बोर्डाला वीज सोडतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग टेस्टर, मग हात. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी ‘हो हो माहितीये’ म्हणतं. माहीत असूनही लोक विसरतात म्हणून सांगते.

इन्व्हर्टरवरून आणखी एक. त्याच्या मागे ‘स्क्वेअर वेव्ह’ लिहिलंय की ‘साइन वेव्ह’? डिमरला गुळगुळीत लाट लागते, कुठून कापायचं ते त्याला तिच्या चढउतारावरून कळतं. चौकोनी लाटेवर तो गोंधळतो, उजेड भलताच पडतो किंवा सगळं गुरगुरायला लागतं. तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा निघाला, तर बोर्डामागचा डिमर डोक्यातून काढून टाक. बल्बाच्या पोटातला डिमर किंवा आता सांगते तो 12 व्होल्टचा मार्ग घे, ते दोन्ही आधी विजेचं स्वतःच्या सोयीनं रूपांतर करून घेतात, त्यांना लाटेचं एवढं सोयरसुतक नसतं.

तुझा अमेरिकेतला भाऊ दिवाळीत येताना आणतो म्हणालाय ना डिमर? नको म्हणावं. तिथली वीज 120 व्होल्ट आणि 60 आवर्तनांची. ‘झेड-वेव्ह’वाला आणला तर त्याची लहरही वेगळी, अमेरिकेत ती 908 मेगाहर्ट्‌झच्या आसपास आणि आपल्याकडे 865 च्या, दोघांची गाठ पडायची नाही. त्याला म्हणावं बदाम आण.

आता तुझा खरा हट्ट. ‘ताई, मला स्वतः बनवायचंय.’ मला माहीत होतं हे येणार. लग्नाआधी घरची इस्त्री उघडून बसणारी पोरगी तू.

बनव की! पण एक अट आहे आणि त्यात घासाघीस नाही. 230 व्होल्टची बाजू तू हाताळायची नाहीस. बाजारात ट्रायॅकचे तयार डिमर बोर्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतात आणि सगळे व्हिडिओ तेच लावून दाखवतात. त्या बोर्डावर मेनची वीज उघडी फिरत असते. त्यातल्या चिपांमध्येही घोळ आहे: एमओसी 3021 आणि एमओसी 3041 दिसायला सारख्या, पण दुसरी लाट शून्यावर येईपर्यंत थांबते, म्हणून ती चालू-बंदला चालते आणि डिमिंगला अजिबात चालत नाही. ती लावून लोक महिनाभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. रांगतं बाळ असलेल्या घरात हे नकोच.

तू 12 व्होल्टची एलईडी पट्टी घे. पलंगाच्या पाठीमागे, उशाच्या फळीच्या आडोशाला, उजेड भिंतीवर पडेल अशी चिकटव. बाळाच्या डोळ्यांत थेट येत नाही आणि पाजताना हात दिसेल एवढा पुरतो. साधी पट्टी मीटरला पाच वॉटच्या आतबाहेर खाते, तुला दोन मीटर पुरे, म्हणजे दहा वॉटच्या आसपास. त्याला चांगल्या कंपनीचा, बीआयएसची खूण असलेला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे भरपूर. अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसला की त्याच्या पुढे तुझ्या हातात येते ती 12 व्होल्टची वीज. चुकलं तर एखादा भाग जळेल, तू नाही.

मेंदूच्या जागी ईएसपी 8266 चा एक नोडएमसीयू बोर्ड. ही चिप 2014 च्या सुमारास चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीनं आणली आणि घरोघरीच्या हौशी लोकांचं नशीब उघडलं, वायफायसकट अडीच-तीनशे रुपयांत. पट्टीची वीज चालू-बंद करायला एक मॉसफेट लागतो. इथे दुकानदार हमखास आयआरएफ 540 हातात ठेवेल, ‘चालतो, सगळे नेतात’ म्हणेल. घेऊ नकोस. आपला बोर्ड 3.3 व्होल्टचाच इशारा देतो, तेवढ्यावर तो नीट उघडत नाही आणि तापतो. आयआरएलझेड 44 एन माग, मधला ‘एल’ महत्त्वाचा. त्याच्या गेटपासून जमिनीला एक 10 किलोओहमचा रेझिस्टर जोड, नाहीतर बोर्ड सुरू होताना पट्टी क्षणभर लख्ख पेटते, आणि रात्री ते क्षणभरच पुरतं बाळाला उठवायला. बोर्डाला 12 व्होल्ट थेट द्यायचे नाहीत, मध्ये एक छोटा बक कन्व्हर्टर घालून 5 व्होल्ट करून घे. त्याचा स्क्रू फिरवून आधी मीटरवर 5 बघ, मगच बोर्ड जोड. आणि सगळ्यांची उणे बाजू एकत्र. हे विसरलं की काहीच चालत नाही आणि कारणही सापडत नाही.

विजेचं मोठं सामान इंदूरला महाराणी रोडवर मिळेल. असले बारीक भाग माहेरी जाशील तेव्हा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आण, नाहीतर पोस्टानं मागव. मॉसफेट आणि बोर्ड दोन-दोनच घे. एक जळतोच, माझ्याकडे अशा शहिदांची एक डबी आहे, बडीशेपेच्या डब्याशेजारी ठेवलेली. एकदा पाहुण्यांपुढे तीच गेली.

प्रोग्राम लिहायचा नाहीये तुला. डब्ल्यूएलईडी नावाचं मोफत तयार सॉफ्टवेअर आहे, ते यूएसबीच्या तारेनं कम्प्युटरवरच्या क्रोममधून थेट बोर्डात जातं. मी तुझ्यासाठी हेच का निवडलं ते ऐक. घरात वायफायचा डबा नसेल तर हा बोर्ड स्वतःचंच वायफाय उभं करतो, तू मोबाइल त्याला जोडायचास की झालं. अहो कुक्षीला जावोत नाहीतर काशीला, तुझा दिवा तुझ्या हातात. त्याच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर लावू का’ अशी खूण असते, ती काढून टाक. पट्टीचा प्रकार ‘पीडब्ल्यूएम व्हाइट’ निवड आणि पिन म्हणून 4 दे, बोर्डावर ती डी 2 लिहिलेली असते. एक साधं बटणही जोडून घे आणि पलंगाच्या कडेला बसव. मोबाइल चार्जिंगला असतो नेमका तेव्हाच बाळ रडतं.

आणि उजेड अर्धा केला की अर्धाच दिसेल असं समजू नकोस. आपला डोळा फसवा आहे. खरा उजेड चौथाई केला तेव्हा कुठे तो आपल्याला निम्मा वाटतो. म्हणून मोबाइलवर दहा टक्क्यांवर आणूनही ‘अजून केवढा आहे’ असं वाटेल. अजून खाली जा, तीन-चार टक्क्यांपर्यंत. साध्या भिंतीवरच्या डिमरला एवढं खाली जाणं जमत नाही, तिथे तो लुकलुकतो. ही पट्टी जाते, म्हणून तर मी तिच्यामागे लागले आहे.

मेसेजमध्ये मध्येच एक वाक्य होतं, ‘त्याच खोलीत साड्यांचे फोटोही काढते.’ तू बाग प्रिंटच्या साड्या पुण्याला पाठवतेस ते ठाऊक आहे मला. तर हे वेगळं प्रकरण आहे, एका दिव्यात दोन्ही बसवू नकोस. मंद केलेल्या एलईडीखाली मोबाइलनं फोटो काढलास तर साडीवर आडवे पट्टे येतील. डोळ्याला न दिसणारी उघडझाप कॅमेऱ्याला दिसते. शिवाय रंग. बाग प्रिंटचा जीवच तो लाल आणि काळा. हिरड्यात भिजवलेलं कापड, तुरटी-अलिझरीनचा लाल, लोखंडाच्या गंजाचा काळा, धावडीच्या फुलांबरोबर उकळलेला. 2008 पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तू त्याला स्वस्त एलईडीखाली तपकिरी करून पाठवणार? एलईडीला लाल रंग दाखवणंच सगळ्यात जड जातं. खोक्यावर ‘सीआरआय’, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त लिहिलेला एक बल्ब कपाटापाशी वेगळा लाव, डिमरबिमर काही नको. फोटो तर सरळ सकाळी खिडकीपाशी काढ, ऊन थेट पडत नसेल तिथे. गिऱ्हाइकानं ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून साडी परत पाठवण्यापेक्षा ते बरं. आणि कपाटापुढचा दिवा दिवसभर जळत ठेवू नकोस. संग्रहालयवाले जुन्या कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत ते उगाच नाही, रंग उडतात गं.

घरभर ‘ऑटोमेशन’ करायचं, होम असिस्टंट चालवायचं, बोलून दिवे लावायचे हे सगळं तू लिहिलंयस. वाचलं मी. पोरगी सलग झोपायला लागली की बघू. आत्ता एक पट्टी, एक पायरीचा बल्ब आणि कपाटाचा एक दिवा, एवढ्यावर थांब. पैसे उरले तर घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की मेन तोडणारी कळ, आहे का ते भैयांना विचारून घे, नसेल तर तीच आधी बसव. रांगणारं पोर सॉकेटपाशी जातंच.

या रविवारपर्यंत मला तीन फोटो पाठव: बल्बची मान, इन्व्हर्टरची मागची बाजू, आणि झोपायच्या खोलीतला बोर्ड समोरून. उघडायचा नाही हं, समोरून! पट्टीची लांबी मोजताना दोऱ्यानं नको, टेपनं मोज, आणि पट्टी दर तीन दिव्यांनंतरच्या तांब्याच्या खुणेवरच कापायची असते, मध्येच कात्री चालवू नकोस. आणि बटण पलंगाच्या कुठल्या बाजूला हवं ते आईंना विचारून ठेव. तू रात्री दमून झोपली असशील तेव्हा दिवा त्याच लावणार आहेत.